दुष्काळ कुठे गेला? शेतीच्या मोफत मोबाइल गेमचा इतिहास कसा लिहायचा

'टाउनशिप' हा मोबाइल गेम उघडला की सुरुवातीच्या पिकांमध्ये गहू असतो आणि तो पेरल्यापासून दोन मिनिटांत कापायला येतो. आपल्याकडे रब्बीचा गहू घरात यायला चार महिने लागतात. त्यामुळे या गेमची थट्टा करणं अगदी सोपं आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने थट्टेपाशी थांबून चालत नाही. त्याने विचारायला हवं की दोनच मिनिटं का? २००९ मध्ये आलेल्या 'फार्मव्हिल' या गेममध्ये हाच गहू तीन दिवस घ्यायचा. तीन दिवसांची दोन मिनिटं कशी झाली, कोणी केली, आणि त्या बदलात कोणाचा फायदा होता?

दुसरी गोष्ट. या गेममध्ये पाऊस हुकत नाही, कीड पडत नाही, सावकार दारात येत नाही. गेम महिनाभर बंद ठेवून परत उघडला तरी पीक तसंच डोलत उभं असतं. शेतीवर बेतलेल्या खेळात नुकसानच नाही, हे विचित्र नाही का? संगणकावरच्या खेळांत शेती आली तेव्हा असं नव्हतं. तिथे माणसं उपाशी मरत होती. म्हणून या लेखाचा प्रश्न असा: शेतीच्या गेममधला दुष्काळ कुठे गेला, आणि त्याच्या जागी काय आलं?

पेट किंवा नेटची तयारी करणारे, संशोधनाचा विषय शोधणारे विद्यार्थी हा लेख वाचत आहेत असं धरून मी मधेमधे साधनांबद्दल आणि पद्धतीबद्दलही बोलणार आहे. "गेमवर काय पीएच.डी. करायची?" हा प्रश्न तुम्हाला कोणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर भाषणाने देता येत नाही, नीट बांधलेल्या प्रश्नाने देता येतं.

१९६४: जिथे धान्य संपत होतं

सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्टचेस्टर काउंटीत होते. तिथल्या शालेय शिक्षण मंडळाने आयबीएम कंपनीबरोबर एक प्रयोग हाती घेतला होता. मेबल ॲडिस या प्राथमिक शिक्षिकेने मजकूर आणि रचना लिहिली, आयबीएमच्या विल्यम मॅके यांनी प्रोग्राम लिहिला, आणि १९६४ मध्ये 'द सुमेरियन गेम' तयार झाला. सहावीची मुलं प्राचीन सुमेरमधल्या लगाश नगरीचा राजा व्हायची. इतकं धान्य आलं, त्यातलं किती लोकांना खायला द्यायचं, किती पेरायला ठेवायचं, किती साठवायचं, हे टंकयंत्रासारख्या यंत्रावर टाइप करून सांगायचं आणि त्याचा परिणाम कागदावर छापून यायचा.

पुढे १९६८ मध्ये डग डायमेंट यांनी याच कल्पनेवर एक छोटा प्रोग्राम लिहिला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक भाषेत आणला आणि १९७३ मध्ये 'हमुराबी' या नावाने पुस्तकात छापला. त्या काळी गेम पुस्तकात छापून यायचे आणि लोक ते हाताने टाइप करून घ्यायचे. या गेमचे आकडे बघा. सुरुवातीला १०० माणसं, १००० एकर जमीन, कोठारात २८०० बुशेल धान्य. २०० बुशेल उंदरांनी आधीच खाल्लेलं. प्रत्येक माणसाला वर्षाला २० बुशेल लागतात. राज्य दहा वर्षं. रोगाची साथ येऊ शकते. आणि एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त प्रजा उपाशी मेली, तर तुम्हाला गादीवरून हाकललं जातं. खेळ संपला.

इथे शेती म्हणजे हिशेब आहे, आणि हिशेब चुकला की त्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजायची. वेळ वर्षांत मोजली जाते, पण खेळणाऱ्याला थांबावं लागत नाही. त्याने आकडा टाइप केला की वर्ष सरलं. भूक भरपूर आणि वाट पाहणं शून्य. ही जोडी लक्षात ठेवा, कारण पुढच्या पन्नास वर्षांत ती नेमकी उलटी झाली.

कर्ज, वादळ आणि ऋतू

१९८९ मध्ये विल राइट यांचा 'सिमसिटी' आला. शहर वसवायचं, कर लावायचे, रस्ते करायचे. पैसा संपला तर शहर बुडतं, लोक सोडून जातात. त्याच कंपनीने, म्हणजे मॅक्सिसने, १९९३ मध्ये 'सिमफार्म' काढला. तिथे बँकेचं कर्ज होतं, कीड होती, वादळं होती. गेम विकत घ्यायचा, एकदाच पैसे भरायचे आणि पुढे कितीही वेळा शहर बुडवायचं. कंपनीचे पैसे आधीच वसूल झालेले असल्यामुळे तुम्ही हरलात तरी तिला फरक पडत नव्हता. ही व्यवहाराची बाजू सुटू देऊ नका. खेळात हरणं परवडतं की नाही, हे खेळ कसा विकला जातो त्यावर ठरतं.

१९९६ मध्ये जपानमध्ये यासुहिरो वादा यांचा 'बोकुजो मोनोगातारी' आला. बाहेरच्या जगात तो 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखला गेला. यात राज्य नाही, शहर नाही. एक तरुण, एक पडीक शेत, अडीच वर्षांची मुदत. ऋतू बदलतात, हिवाळ्यात पीक येत नाही, अंगातली ताकद संपते, गाईला चारा घातला नाही तर ती आजारी पडते. दुष्काळाची जागा इथे ऋतूंनी आणि थकव्याने घेतली. पण एक गोष्ट जुनीच राहिली: घड्याळ गेमचं स्वतःचं होतं. यंत्र बंद केलं की गेममधला सूर्यही थांबायचा. तुम्ही दोन महिन्यांनी परत आलात तरी गाय तिथेच, त्याच क्षणी उभी.

२००९: भिंतीवरचं घड्याळ गेममध्ये शिरतं

खऱ्या घड्याळावर चालणारे गेम २००९ च्या आधीही होते. १९९६ चं 'तामागोची' हे खेळणं खऱ्या वेळेवर चालायचं आणि दुर्लक्ष केलं की मरायचं. २००४ मध्ये जर्मनीत सुरू झालेल्या 'ट्रॅव्हियन' या ब्राउझरवरच्या युद्धखेळात इमारत बांधायला खरे तास लागत आणि पैसे देऊन काम लवकर करून घेता येई. म्हणजे पुढे जे झालं त्याचे सुटे भाग आधीच तयार होते. ते शेतीत एकत्र आले, एवढंच.

पहिला मोठा स्फोट चीनमध्ये झाला. शांघायच्या 'फाइव्ह मिनिट्स' कंपनीचा 'हॅपी फार्म' २००८ च्या अखेरीस तिथल्या सोशल नेटवर्कवर आला आणि २००९ मध्ये टेन्सेंटच्या क्यूक्यूवर पसरला. त्यातली सर्वांत गाजलेली गोष्ट पेरणी नव्हती, चोरी होती. मित्राचं पीक तयार झालं आणि तो झोपलेला असला की त्याची भाजी चोरायची. लोक रात्री गजर लावून उठत, एक तर चोरायला नाहीतर आपलं वाचवायला. 'भाजी चोरणे' हा चिनी भाषेतला त्या वर्षीचा परवलीचा शब्द झाला.

अमेरिकेत झिंगा कंपनीने १९ जून २००९ रोजी फेसबुकवर 'फार्मव्हिल' सुरू केला. 'मायमिनीलाइफ' नावाच्या छोट्या कंपनीचं तंत्र आधीच हाताशी असल्यामुळे तो सुमारे पाच आठवड्यांत उभा राहिला. २०१० च्या सुरुवातीला महिन्याला आठ कोटींहून जास्त लोक तो खेळत होते. चोरी त्यांनी काढून टाकली आणि तिच्या जागी 'शेजारी' आणले. शेजाऱ्याच्या शेताला खत घालायचं, भेट पाठवायची, वाट चुकलेली गाय सापडली की सगळ्यांना कळवायचं.

पिकांच्या वेळा पाहा. स्ट्रॉबेरी चार तास, भात बारा तास, गहू तीन दिवस. शेतीशास्त्रात या आकड्यांना काही अर्थ नाही. पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या दिवसावर ठेवून बघा: चार तास म्हणजे सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत, बारा तास म्हणजे संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. पीक निवडणं म्हणजे परत कधी येणार याचं वचन देणं. ते मोडलं तर पीक वाळून जायचं. आणि वाळलेलं पीक पुन्हा हिरवं करण्याचा उपाय विकत मिळायचा! दुष्काळ अजून होता, पण त्याचं कारण पाऊस नव्हता, तुमची गैरहजेरी होती.

हे कुठपर्यंत गेलं याचा एक नोंदलेला किस्सा आहे. २०१० च्या मार्चमध्ये बल्गेरियातल्या प्लोव्दिव्ह शहरात एका नगरसेवकाला समितीतून काढण्यात आलं. अर्थसंकल्पाच्या बैठकीत तो 'फार्मव्हिल'मधल्या गाईंचं दूध काढत होता. ठराव एका मताने पास झाला, २० विरुद्ध १९.

इथे मला ई. पी. थॉम्पसन यांचा १९६७ चा 'टाइम, वर्क-डिसिप्लिन अँड इंडस्ट्रियल कॅपिटॅलिझम' हा निबंध उपयोगी वाटतो. तुमच्या अभ्यासक्रमात नसेल तरी वाचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेतकऱ्याची वेळ कामाने ठरते. गाय पान्हवली की दूध काढायचं, वाफसा आला की पेरायचं. कारखान्याची वेळ घड्याळाने ठरते, आणि एका वेळेतून दुसऱ्या वेळेत माणसांना आणायला पिढ्या लागल्या, भोंगे लागले, दंड लागले. 'फार्मव्हिल'ने केलं काय? कारखान्याच्या घड्याळाला शेताचे कपडे घातले. दिसायला गाय, गवत, कुंपण, पण आतली शिस्त पाळीची. ही मांडणी माझी आहे, थॉम्पसन यांची नाही, आणि तिला आव्हान देता येईल. पण एखादा सिद्धान्त 'लावायचा' म्हणजे काय, याचं उदाहरण म्हणून ती पाहा. लेखकाचं नाव घेऊन पुढे जाण्यात काही मिळत नाही. त्याने केलेला भेद आपल्या साधनावर ठेवून काही नवीन दिसतं का, ते तपासायचं असतं.

२०१२-१३: नुकसान संपलं, थांबणं उरलं

आता मोबाइल. इथे तारखा जवळजवळ ठेवून पाहिल्या की कारणं दिसायला लागतात. जून २००९ मध्ये, 'फार्मव्हिल' येण्याच्या दोनच दिवस आधी, ॲपलने आयफोनची नवी प्रणाली दिली. तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या: ॲप बंद असतानाही सूचना पाठवण्याची सोय, आणि ॲपच्या आत खरेदी करण्याची सोय. ही खरेदी आधी फक्त विकत घेतलेल्या ॲपमध्ये चालायची. ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने ती मोफत ॲपमध्येही खुली केली. दुसरीकडे फेसबुकने २०१० मध्ये गेमच्या सूचनांना आणि पोस्टना चाप लावला, कारण न खेळणारे लोक दुसऱ्यांच्या गाईंना कंटाळले होते. म्हणजे शेजाऱ्यांमार्फत पसरण्याची वाट अरुंद झाली आणि थेट खिशातल्या फोनची वाट उघडली.

फिनलंडची सुपरसेल कंपनी आधी ब्राउझरवरचा गेम करत होती. तो सोडून ती टॅब्लेट आणि फोनकडे वळली आणि जून २०१२ मध्ये तिचा 'हे डे' आला. विळा बोटाने शेतावरून ओढायचा की ओळीच्या ओळी कापल्या जातात. गहू दोन मिनिटं, मका पाच मिनिटं. आणि पीक वाळत नाही. कधीच नाही. 'टाउनशिप' ही रशियातल्या वोलोग्दा शहरात २००४ मध्ये बुखमान बंधूंनी काढलेल्या प्लेरिक्स कंपनीची निर्मिती. ती २०१३ मध्ये मोबाइलवर आली आणि तिने शेताला गाव जोडलं. शेतातला गहू बेकरीत जातो, पाव हेलिकॉप्टरने गिऱ्हाइकाकडे जातो, आगगाडी विटा आणि काचा आणते, त्यातून नव्या इमारती उभ्या राहतात, घरं वाढली की लोकसंख्या वाढते आणि लोकसंख्या वाढली की नवा कारखाना उघडतो.

याला 'सिमसिटी'शेजारी ठेवा. 'टाउनशिप'मधले लोक कर भरत नाहीत, संप करत नाहीत, गाव सोडून जात नाहीत. गाव फक्त वाढू शकतं. मग अडचण कुठे येते? तीन ठिकाणी: वेळ, कोठार आणि साहित्य. आगगाडी गेली की काही तासांनी परतते. कोठार भरलं की कापणी ठेवायला जागा नाही. कोठार वाढवायला हातोडे, खिळे आणि रंग लागतो, आणि ते तर हवं तेव्हा मिळत नाही. या प्रत्येक ठिकाणी एक छोटं बटण असतं: थांबायचं नसेल तर इतक्या नोटा द्या. नोटा थोड्या खेळून मिळतात, जास्त हव्या असतील तर खऱ्या पैशांनी.

आता 'हमुराबी'कडे परत जा. तिथे कोठार रिकामं पडणं हे संकट होतं. इथे कोठार भरणं हे संकट आहे. माझ्या मते साऱ्या बदलाचं मर्म एवढ्यात आहे. एकदाच विकल्या जाणाऱ्या गेमला खेळाडू हरलेला चालतो. मोफत गेमला चालत नाही, कारण हरलेला माणूस निघून जातो आणि त्याच्याकडून अजून काहीच मिळालेलं नसतं. म्हणून दुष्काळ काढला गेला. पण अडथळा पूर्ण काढला तर विकायला काही उरत नाही. म्हणून अडथळ्याचं रूप बदललं: 'मराल'च्या ऐवजी 'थांबा'.

'मोफत' या शब्दाची तारीख

मराठीत 'मोफत' आणि 'फुकट' यांत फरक आहे. दवाखाना मोफत असतो, पाहुणा फुकटा असतो. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण हसत म्हणतो, पण त्या हसण्यात थोडा संशय असतोच. या गेमना 'मोफत' म्हणावं का, यावर प्रत्यक्षात सरकारी पातळीवर वाद झालेले आहेत आणि त्यांची कागदपत्रं आहेत.

२०१० च्या अखेरीस 'स्मर्फ्स व्हिलेज' हा लहान मुलांच्या आवडत्या निळ्या पात्रांचा गेम आला. शेती, गाव, सगळं तसंच. त्यात 'स्मर्फबेरी'ची सर्वांत मोठी गाडी सुमारे ९९ डॉलरची होती. आईबापांनी एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं मुलं हवी तेवढी खरेदी करू शकायची. तक्रारी झाल्या. अखेर जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करायचं मान्य केलं. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने विचारलं की आत खरेदी असलेल्या गेमला 'मोफत' कसं म्हणता? गुगलने अशा गेमवरचा तो शब्द काढायचं कबूल केलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲपलच्या दुकानातल्या बटणावरचं 'फ्री' जाऊन 'गेट' आलं. एका बटणावरचा एक शब्द. पण त्याच्या मागे चार वर्षांचा झगडा आहे. शब्दांचा इतिहास असाही शोधता येतो.

साधनं: कोणाचे कागद आहेत, कोणाचे नाहीत

आता कामाचा भाग. मोबाइल गेमचा मोठा त्रास असा की तो पुस्तकासारखा एका जागी राहत नाही. आजचा 'टाउनशिप' हा २०१३ चा 'टाउनशिप' नव्हे; मधे असंख्य अपडेट झाले. 'फार्मव्हिल' तर ३१ डिसेंबर २०२० ला बंदच झाला, कारण ज्या फ्लॅश तंत्रावर तो चालायचा त्याचा आधार त्याच दिवशी संपला. शेत कंपनीच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे एखादी फाइल जपून ठेवली तरी खेळता येत नाही. 'सुमेरियन गेम'चा मूळ प्रोग्रामही टिकला नाही; आपण त्याच्याबद्दल बोलतो ते प्रकल्पाच्या अहवालांवरून आणि उरलेल्या छापील कागदांवरून. हातात वस्तू नसताना वस्तूचा इतिहास लिहायची सवय इतिहासकारांना आहेच. मग कशावरून लिहायचं?

पहिलं साधन, दुकानाची पानं. ॲपच्या जुन्या वर्णनांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर तारखेसह सापडतात. कंपनी स्वतःचा गेम कोणत्या वर्षी कोणत्या शब्दांत विकत होती, ते त्यांवरून दिसतं.

दुसरं, खेळाडूंनी लिहिलेली विकी पानं. पिकांचे तास, किमती, कोठाराचे टप्पे तिथे असतात. नुसतं पान वाचू नका, त्याचा संपादन-इतिहास उघडा. आकडा कधी बदलला, हे तिथे कळतं.

तिसरं, व्हिडिओ. लोकांनी खेळताना केलेली चित्रणं तारखेसह आहेत. जुनी आवृत्ती प्रत्यक्ष हलताना बघायला बहुधा एवढीच जागा उरते.

चौथं, कंपन्यांची कागदपत्रं. झिंगाने भांडवल बाजारात उतरण्यासाठी जुलै २०११ मध्ये अमेरिकी नियामकाकडे दाखल केलेलं निवेदन जरूर वाचा. कंटाळवाणं आहे, पण त्यात सोनं आहे. आपलं बहुतेक सगळं उत्पन्न खेळाडूंच्या एका लहान हिश्शाकडून येतं, हे कंपनी तिथे धोका म्हणून स्वतः सांगते. शिवाय वस्तूंचे दोन प्रकार केले आहेत. वापरली की संपणारी वस्तू असेल तर तिचं उत्पन्न ती संपेल तेव्हा धरायचं. टिकणारी असेल तर ते पैसे देणारा खेळाडू सरासरी किती काळ खेळतो, त्या काळावर वाटायचं. म्हणजे आभासी ट्रॅक्टरचं आयुष्य किती? माणसाचा कंटाळा येईल तितकं. हिशेबनीसांनी हे गंभीरपणे मोजलं आहे. पुढे फेसबुकनेही आपल्या निवेदनात सांगितलं की २०११ च्या त्याच्या उत्पन्नातला सुमारे १२ टक्के वाटा झिंगामुळे आला.

इथेच सावध व्हायला हवं. झिंगा बाजारात उतरली म्हणून तिचे कागद उघडे आहेत. प्लेरिक्स खासगी कंपनी आहे, तिचे तसे नाहीत. म्हणून या गेमचा इतिहास लिहिताना सगळे 'फार्मव्हिल'वरच अडकतात. ज्याचे कागद जास्त त्याचा इतिहास मोठा, हा जुनाच आजार आहे. आपल्याकडे १८७५ च्या सुपे आणि आसपासच्या गावांतल्या दंग्यांबद्दल आपण वाचतो ते मुख्यतः सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अहवालातून. शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, पण त्या शेतकऱ्यांनी स्वतः लिहिलेले कागद फारसे नाहीत. रणजित गुहा यांनी १९८३ च्या 'द प्रोज ऑफ काउंटर-इन्सर्जन्सी' या निबंधात अशी सरकारी कागदपत्रं कशी वाचावीत ते दाखवलं आहे. गेमच्या बाबतीत तक्रारींच्या फायलीत चिडलेले पालक दिसतात, कंपनीच्या फायलीत पैसे देणारे खेळाडू दिसतात. जी बाई दुपारी भांडी आवरल्यावर दहा मिनिटं गेम उघडते, एक रुपयाही देत नाही, आणि वर्षानुवर्षं खेळते, ती कुठल्याच फाइलमध्ये नाही. खरं तर अशांचीच संख्या मोठी.

तिला फसवलेली म्हणायचं का?

या प्रश्नावर घाई करू नका. अमेरिकी अभ्यासक आणि गेमकार इयन बोगोस्ट यांनी २०१० मध्ये अशा गेमची टर उडवायला 'काउ क्लिकर' काढला. एक गाय, दर सहा तासांनी तिच्यावर एकदा क्लिक करायचं, बस. गंमत अशी की हजारो लोक तो मनापासून खेळू लागले. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गाई नाहीशा केल्या. तरी काही जण गाय जिथे होती त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. या घटनेवरून 'लोक मूर्ख आहेत' असं म्हणता येतं, किंवा 'टीकाकाराला न दिसलेलं काहीतरी त्यांना तिथे मिळत होतं' असंही म्हणता येतं. दुसरं गृहीतक तपासायला कठीण आहे, म्हणूनच संशोधनाच्या लायकीचं आहे.

महाराष्ट्राच्या गावांत 'सावड' होती: आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. 'इर्जिक' होतं, एकमेकांना हात लावायचा आणि मग जेवण. त्यातही मोजमाप होतं, पण ते बोलून दाखवलं जात नसे. गेममधले शेजारी तेच करतात, फक्त मोजमाप कंपनीच्या हातात असतं. हा फरक छोटा की मोठा, हे खेळणाऱ्यांना विचारूनच कळेल. आणि जे खेळात नाही तेही पाहायला हवं. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधलं शेत कुलकर्णी, सावकार, पाटबंधारे खातं यांनी वेढलेलं आहे. मोबाइलवरच्या शेतात यातला एकही नाही. ज्यांच्या घरात ते सगळे अजून आहेत, त्यांना असं शेत खेळताना काय वाटतं? विश्रांती, की चेष्टा? या प्रश्नाला वोलोग्दा किंवा हेलसिंकीतून उत्तर मिळणार नाही. ते इथेच शोधावं लागेल.

महाराष्ट्राची तारीखही वेगळी धरावी लागेल. 'फार्मव्हिल' संगणकावर, फ्लॅशवर चालायचा. आपल्याकडे अनेक घरांत इंटरनेट संगणकावरून आलंच नाही, थेट फोनवर आलं, आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यानंतर डेटा स्वस्त झाला. त्यामुळे २००९ ही अमेरिकेची सुरुवात आपली सुरुवात म्हणून उचलणं बरोबर नाही.

आणखी एक इशारा. मी वर सांगितलेली गोष्ट सरळ रेषेसारखी वाटते: भूक, ऋतू, घड्याळ, थांबणं. अशी सरळ रेष दिसली की संशय घ्या. २०१६ मध्ये एरिक बॅरोन यांनी एकट्याने केलेला 'स्टारड्यू व्हॅली' आला. तो एकदाच विकत घ्यायचा, त्यात ऋतू आहेत, थकवा आहे आणि पैसे देऊन वाट पाहणं टाळायचं बटण नाही. तो प्रचंड चालला. म्हणजे जुनी वाट बंद झाली नव्हती. बदल झाला तो सगळ्या शेतीखेळांत नव्हे, मोफत गेमच्या व्यवहारात झाला. निष्कर्ष एवढाच मोठा ठेवा.

हा विषय करून पाहायचा असेल तर सुरुवात छोटी करा. एक गेम घ्या आणि सात दिवस एक वही ठेवा: किती वाजता उघडला, स्वतःहून की सूचना आली म्हणून, कशासाठी थांबावं लागलं, किती वेळ, आणि पैसे द्यायचं बटण कुठल्या क्षणी समोर आलं. मग घरातल्या किंवा ओळखीच्या दोन-तीन खेळणाऱ्यांशी बोला, त्यांची परवानगी घेऊन आणि नाव न छापता. "किती वेळ खेळता?" असं विचारलं तर लोक कमी सांगतात किंवा लाजतात. "शेवटचं कधी उघडलं होतं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं?" असं विचारा. एवढ्यावरून प्रबंध होत नाही. पण आपला प्रश्न खरा आहे की नुसताच चटकदार, हे त्या वहीतून पंधरा दिवसांत कळतं, आणि मार्गदर्शकांसमोर बसताना ती वही बरोबर असली की बोलणं विषयावर होतं, विषयाच्या लायकीवर नाही.